बार्शी लाईटचे गार्डसाहेब

आमच्या आबांचे विनोद तारखेशिवाय कळत नाहीत. त्यांना जाऊन आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी दिवाळीला सगळे जमले की कुणीतरी एखादा सुरू करतंच. मग जुनी मंडळी पोट धरून हसतात आणि घरात नव्यानं आलेल्या सुना-जावई नुसते त्यांच्या तोंडाकडं बघत बसतात. तेव्हा कुणीतरी फोड करून सांगतं, की अगं, तेव्हा लातूर निजामाकडं होतं, किंवा रेल्वे तेव्हा कंपनीची होती, किंवा त्या साली दुष्काळ होता. फोड केली की विनोद मरतो म्हणतात. आबांचा मरत नाही, कारण फोड करता करता सांगणाऱ्याला दुसरा आठवतो. अशा या फोडींतून मला सोलापूर जिल्ह्याचा आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्याचा जेवढा इतिहास कळला तेवढा शाळेच्या पुस्तकातून कळला नव्हता.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. बार्शी लाईट रेल्वेवर गार्ड. उंचीनं बेताचे, पोट थोडं पुढं, गळ्यात शिट्टी, आणि तोंडात बहुतेक वेळा पानाचा तोबरा. फोटोत मात्र ते इतके गंभीर दिसतात की ओळखू येत नाहीत. आज्जी म्हणायची, "फोटोवाला हसू नका म्हणाला, तेवढंच यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं."

रेल्वे आमच्या घरात आली ती वैर म्हणून. बार्शी हे कापसाचं, भुसाराचं मोठं गाव, पण मुंबईहून निघालेली जीआयपी कंपनीची मोठी लाईन बार्शीला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली. त्या स्टेशनाचं नावच मुळी बार्शी रोड होतं. बार्शी ते बार्शी रोड हे एकवीस मैल माल बैलगाड्यांनी जायचा, आणि त्या गाड्या हाकणाऱ्यांत आबांचे आजोबा होते. मग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर आला. तो 1882 साली जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता आणि त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, की रूळ अरुंद असले म्हणून गाडी दुबळी असायचं कारण नाही. अडीच फुटांचे रूळ टाकायचे, पण प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. तो भार पुष्कळ चाकांवर वाटून टाकायचा. मग हलके रूळ, हलके पूल आणि कमी पैशांतसुद्धा भरपूर माल ओढता येतो. 1895 साली लंडनमध्ये कंपनी नोंदवली गेली, लीड्सच्या किटसन कारखान्यातून इंजिनं आली, आणि मार्च 1897 मध्ये बार्शीला गाडी धावली. पुढं 1906 साली ती पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. सगळी मिळून 202 मैलांची लाईन.

आबांच्या आजोबांचा धंदा त्या मार्चमध्येच बसला. त्यांनी बैल विकले आणि मुलाला रुळांवर गँगमन म्हणून लावलं. आबा हे असं सांगायचे: "कंपनीनं आमचे बैल बसवले, म्हणून आमी तीन पिढ्या कंपनीच्या डोक्यावर बसलो."

छोट्या गाडीचा एक विनोद सगळ्या देशात सांगतात. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातल्या दोन शेंगा तोडायच्या आणि मागच्या डब्यात चढायचं. माथेरानवाले सांगतात, दार्जिलिंगवाले सांगतात, आमचे बार्शीवाले तर शपथेवर सांगतात. आबांना तो आवडायचा नाही. ते म्हणायचे, "मागचा डबा माझा. माझ्या डब्यात कोन शेंगा घेऊन चढला न्हाई. चढला असता तर निम्म्या ठेवून घेतल्या असत्या." पुढं मी कॅल्थ्रॉपविषयी वाचलं तेव्हा आबा नाहीत याचं मला फार वाईट वाटलं. या गृहस्थाचा मित्र चार्ल्स रोल्स, तोच रोल्स-रॉइसमधला रोल्स, 1910 साली विमान कोसळून मेला. तेव्हापासून कॅल्थ्रॉपनं पॅराशूट बनवायचा ध्यास घेतला, आणि पहिल्या महायुद्धात त्याचं 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट वापरलंही गेलं. ज्या गाडीतून लोक सहज उड्या मारतात म्हणून जग हसलं, ती काढणाऱ्यानंच पुढं उडी मारायची छत्री बनवली! आबांना हे कळतं तर त्यांनी त्यावर दोन पिढ्यांचं काम भागवलं असतं.

आबा 1942 साली कंपनीत चिकटले. गावोगाव 'चले जाव'चे फलक, बार्शीत रोज मिरवणूक, आणि हे गृहस्थ इंग्रजी कंपनीत पॉइंट्समन. भावकीत कुणीतरी टोचून बोललं. आबांचं उत्तर आमच्या घरात पाठ आहे: "सगळा देश त्यांना जा म्हणतोय. ते खरंच निघालेत का, हे बघायला कुनीतरी आत नको?"

लग्न 1945 चं. आज्जीचं माहेर येडशीच्या पलीकडं, म्हणजे निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. लातूरसुद्धा तेव्हा त्याच जिल्ह्यातला एक तालुका. बार्शी इंग्रजांची, आणि गाडी बार्शी सोडून पुढं सरकली की काही मैलांत राज्य बदलायचं, नाणं बदलायचं, कचेरीची भाषा उर्दू व्हायची. निजामाचा रुपया म्हणजे हाली शिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार यायचे. लग्नात सासऱ्यांनी मानाचे एकशे एक रुपये दिले ते अर्थात हाली. आबांनी ते बार्शीत येऊन मोडले, हातात पडले शहाऐंशी रुपये नऊ आणे. हा हिशेब त्यांनी पुढं पन्नास वर्षं सासुरवाडीच्या प्रत्येक माणसाला ऐकवला. "एकशे एक कबूल केले अन् शहाऐंशीवर बोळवन केली. चौदा रुपये सात आने अजून येनं हाय."

आज्जीनं पहिली काही वर्षं ऐकून घेतलं. नंतर एका पंगतीत, वाढता वाढता, मान वर न करता ती म्हणाली, "शिक्के हाली होते. पोरगी कलदार दिली होती माझ्या बापानं."

म्हणजे घरातला सर्वांत चांगला विनोद आबांचा नाहीच. पण तो सांगत फिरायचे आबाच, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू एकशे एक कलदार आत्ताच कुणी हातावर ठेवलेत. स्वतःवर उलटलेला विनोद माणूस किती वेळा सांगतो यावरून त्याची पारख करावी, असं मला वाटतं. थट्टेखोर पुष्कळ असतात. त्यांतले बरेचसे फक्त फेकायला शिकलेले असतात.

या दोन राज्यांच्या शिवेवर करोडगिरीचे नाके असत. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. बार्शीहून नवं कापड, भांडी, साखर न्यायची म्हटलं की तपासणी. आज्जी पहिलं मूल घेऊन माहेरी निघाली होती, ते मूल म्हणजे माझे वडील. आबा त्याच गाडीवर होते. मूल कुर्डुवाडीपासून जे रडत होतं ते थांबायचं नाव घेईना. नाक्याच्या शिपायानं बोचक्याकडं बोट दाखवून विचारलं, यात काय? आबांनी मूलच उचलून त्याच्यासमोर धरलं. "हा बार्शीचा माल. काय जकात होईल ती घ्या, पर माल परत आनू नका." शिपाई हसला आणि बोचकं न उघडता पुढं गेला. बोचक्यात दोन नवी लुगडी होती, हे आज्जी हळूच सांगते, म्हणजे सांगायची. आमच्या खानदानातली ही एकमेव तस्करी.

इथपर्यंत सगळे हसतात. 1947 आणि 48 या दोन वर्षांचा आबांचा एकही विनोद नाही.

देश स्वतंत्र झाला आणि हैदराबाद संस्थान राहिलं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तसे शिवेपलीकडचे लोक मिळेल त्या वाटेनं सोलापूर जिल्ह्यात येऊ लागले. बार्शीच्या आसपास स्टेट काँग्रेसच्या लोकांचे कॅम्प होते, आणि निर्वासितांनी तर गाव भरून गेलं होतं. आज्जीच्या माहेरची माणसं एका रात्री आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका पितळी घागरीसह. रेल्वेच्या दोन खोल्यांत इतकी माणसं होती की आज्जी म्हणायची, रात्री पाय पसरायचे तर आधी विचारावं लागायचं. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरच्या बाजूनं भारताची फौज आत गेली, नळदुर्ग त्याच दिवशी पडलं, 17 तारखेला निजाम शरण आला. घागर परत माहेरी गेली.

आमच्या घरातले वडीलधारे गोष्ट इथं संपवतात. रझाकारांविषयी ते मोठ्यानं बोलतात, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांविषयी अजिबात बोलत नाहीत. त्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं हे पाहायला दिल्लीनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सर्वांत जास्त हानी झाली असं त्या समितीला आढळलं ते जिल्हे चार, आणि त्यांत उस्मानाबाद आहे. हे मी फार उशिरा वाचलं. वाचल्यावर आबांचं एक वाक्य आठवलं, जे ते कधीतरी, कुणी 48 सालाचा विषय काढला की म्हणायचे आणि उठून जायचे: "आधी ह्यांना आनलं, मग त्यांना नेलं. डबे तेच." लहानपणी मला वाटायचं ते रेल्वेबद्दल बोलताहेत. त्यांच्या गाडीवरचा एक फायरमन त्या वर्षी नोकरी सोडून गेला तो परत आला नाही, एवढंच आज्जीला माहीत होतं. नाव ती सांगायची, आबा सांगायचे नाहीत.

गार्डाच्या घराला घड्याळ नसतं. कॉल बॉय म्हणून एक पोरगा असायचा, तो रात्री-अपरात्री वही घेऊन दार वाजवायचा, सही घ्यायचा, आणि दोन तासांत आबा ड्यूटीवर. आज्जीनं रात्री दोनला केलेल्या भाकऱ्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. पाच मुलांपैकी चार जन्माला आली तेव्हा आबा लाईनीवर होते. पाचव्याच्या वेळी घरी होते, तर सुईणीनं त्यांना बाहेर घालवलं. "गार्डाचं काम शेवटच्या डब्यात," असं म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले.

पण घरी असले की घर गाडीच व्हायचं. कोपऱ्यावरून त्यांची शिट्टी वाजली की पाचही पोरं ओसरीत एकामागं एक रांगेत उभी राहायची. थोरला इंजिन, मधले डबे, धाकटा माल. आबा येऊन एकेकाच्या डोक्यावर टिचकी मारत चाकं तपासायचे, कुणाचा ताप असला तर "हा डबा गरम झालाय, शेडला लावा" म्हणून त्याला उचलून आत न्यायचे. जेवायला बसायचं तर आधी स्वयंपाकघरातून लाईन क्लियर मिळाली पाहिजे. आज्जी चिडलेली असली की दाराच्या खिळ्याला लाल झेंडी लटकलेली दिसायची. शाळेतून येणारी पोरं ती पाहून दप्तरासकट शेजारी जायची. एकदा ती झेंडी तिथंच राहिली आणि आबा ड्यूटीवर हिरवी एकटी घेऊन गेले. त्या फेरीत गाडी थांबवायचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी म्हणे आज्जीचं लाल काठाचं फडकं फडकवलं, ज्यात भाकरी बांधलेली होती. यावर माझा विश्वास नाही. वडिलांचा आहे.

आता आत्याचं. आत्या आबांच्या मुलांतली तिसरी आणि सगळ्यांत हुशार. 1966 साली ती अकरावी मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी. बार्शीत तोवर कॉलेज निघालं होतं, कर्मवीर जगदाळे मामांच्या संस्थेचं, आणि रेल्वेचा पास होता. घर तेव्हा कुर्डुवाडीत होतं, तिथून रोज जाता-येता आलं असतं. तिनं विचारलं. आबा म्हणाले, "एवढं शिकून काय गार्ड होनार का? झेंड्या तर तुला आत्ताच येतात दाखवता." सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा दुसरा विनोद झाला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

"नाही म्हणाले असते तर भांडले असते गं," आत्या मला एकदा म्हणाली. "हसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?"

हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण आबांच्या आठवणी काढताना सगळे त्यांना देवमाणूस करून टाकतात, आणि देवमाणसाबरोबर राहणाऱ्यांना काय सोसावं लागतं ते झाकलं जातं. पैसे नाहीत हे सांगायचं असो, बदली आली हे सांगायचं असो, आबा विनोदाच्या आड जाऊन बसायचे आणि बाहेरचं आज्जीला निस्तरावं लागायचं. वाण्याकडं उधारी मागायला आज्जीच जायची. त्या दुकानात तिनं कुणाला हसवलं नाही.

त्याच्या कितीतरी आधी, एक जानेवारी 1954 ला, सरकारनं कंपनी विकत घेतली. त्यावर आबांचं एकच वाक्य शिल्लक आहे, की मालक बदलल्याचं गाडीला कुणी कळवलंच नसावं, ती होती तशीच चालत राहिली.

आषाढीला मात्र आबा रंगात यायचे. एरवी रिकामी धावणारी पंढरपूर गाडी त्या दिवसांत माणसांनी ओथंबायची. डबे पुरायचे नाहीत म्हणून मालडबे जोडले जायचे, ज्यांना बाक नाहीत, खिडक्या नाहीत. वारकऱ्यांना त्यात चढवताना आबा म्हणायचे, "माउली, ह्यात कालपर्यंत ज्वारी होती. आज दानं तुमी. पांडुरंग काय ते निवडून घेईल." म्हातारी माणसं हसत हसत चढायची. उकाडा, धूर, चेंगराचेंगरी, तरी भांडण होत नसे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. आणि बिनतिकीट कुणी सापडला की, "विठोबाच्या दारात तिकीट लागत न्हाई हे बरोबर. पर मधी कुर्डुवाडी लागती." प्रवाशाची थट्टा त्यांनी केल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. थट्टा गाडीची, साहेबाची, सासुरवाडीची आणि स्वतःची. तिकीट काढलेल्या माणसाची नाही. तो नियम त्यांनी घरी आत्याच्या बाबतीत पाळला असता तर बरं झालं असतं.

मग 1972 चा दुष्काळ. सोलापूर, उस्मानाबाद, बीड हा पट्टा आधीच कोरडा, त्यात लागोपाठ पाऊस गेलेला. दुष्काळी कामं निघाली, बांध, तलाव, आणि सगळीकडं खडी. लाईनीच्या दोन्ही अंगांना बायामाणसं खडी फोडत बसलेली दिसायची, असं वडील सांगतात. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो यायची. तिची भाकरी थापता थापता फुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. आबा ताटासमोर बसून हात जोडायचे. "आज अमेरिकेचे पावने हायेत, सांभाळून घ्या." पोरं हसायची आणि हसता हसता घास गिळायची. बहुधा हेतू तोच असावा.

त्या वर्षी आबांचा जेवणाचा डबा रोज लखलखीत परत यायचा. आज्जीला आधी बरं वाटलं, की यांना मिलो आवडू लागली. पण माणूस तर वाळत चाललेला. शेवटी तिनं त्यांच्याबरोबरच्या ड्रायव्हरला गाठून विचारलं. येडशीच्या चढाला गाडी मंदावली की आबा डबा रुळाकडेच्या कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि उलट्या फेरीत रिकामा घ्यायचे, असं कळलं. आज्जीनं दुसऱ्या दिवसापासून दोन डबे दिले. एकावर खडूनं 'गार्ड' असं लिहिलं. आबा तोही देऊन यायचे का, हे तिनं विचारलं नाही, असं ती म्हणायची. मला वाटतं विचारलं असणार.

त्यानंतर दोनच वर्षांनी देशभराचा रेल्वे संप झाला. 8 मे 1974 ला सुरू झाला आणि 27 मेला मागं घेतला गेला. जॉर्ज फर्नांडिस नेते, सतरा लाखांच्या आसपास कामगार, हजारो तुरुंगात. आबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, दोन मुलांची लग्नं बाकी, निवृत्तीला सहा वर्षं. ते संपात उतरले. गंमत अशी, की का उतरले हे त्यांनी कुणालाच नीट सांगितलं नाही. युनियनच्या सभांना ते क्वचित जात. आज्जीला म्हणाले, "बत्तीस वर्सं गाडीच्या मागं बसतोय. एकदा माणसांच्या मागं बसून बघतो." धरपकड सुरू झाली तसे ते येडशीकडं मेहुण्याच्या शेतावर जाऊन राहिले. तिथंही रात्री दोनला जाग यायची. मेहुण्यांनी सांगितलेलं दृश्य असं, की आबा अंधारात उठून कंदील घेऊन गोठ्याशी जायचे, बैलांना एकदा तो हलवून दाखवायचे आणि परत येऊन झोपायचे.

संपावरचा त्यांचा विनोद मात्र सगळ्या कुर्डुवाडीला माहीत होता. "वीस दिवस देशातल्या सगळ्या गाड्या बंद हुत्या. मोठ्या लाईनीच्या लोकांना पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या बार्शी लाईटच्या प्रवाशांना चौथ्या दिवशी कळलं. तोवर ते समजत हुते, लेट हाय."

1980 साली आबा निवृत्त झाले आणि बार्शीत दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. माझ्या आठवणीतले आबा हे. भगवंत मंदिराच्या बाजूला सकाळचा फेरा, परत येताना स्टेशनवर. तिथल्या बाकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाडीची वेळ सांगायचे आणि ती कधीच बरोबर नसायची. आत्याची थोरली मुलगी कॉलेजात जायची वेळ आली तेव्हा तिला प्रवेशाला घेऊन गेले ते आबाच. फी त्यांनी भरली. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, हे माझी आतेबहीण आवर्जून सांगते. आत्या ऐकते आणि काही बोलत नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून गाव उशिरा झोपलेलं. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी घर हललं, फळीवरची भांडी खाली आली. सगळे अंगणात धावले. आबा सर्वांत शेवटी, धोतर सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "लातूर गाडी आज वेळेवर आली की काय!" अंगणात हशा पिकला. उजाडल्यावर रेडिओ लागला. भूकंप. किल्लारी, सास्तूर. दुपारपर्यंत मृतांचा आकडा वाढत गेला, अखेरीस तो दहा हजारांच्या जवळ गेला. आबांच्या पाच-पन्नास विनोदांत हा कदाचित सर्वांत झटपट सुचलेला. त्यांनी तो पुन्हा कधी सांगितला नाही आणि कुणाला सांगू दिला नाही. मी सांगितला तो आजच, आणि सांगावा की नाही यावर बराच वेळ घालवून.

आबा 1998 साली गेले. झोपेत गेले, त्यामुळं शेवटचे शब्द वगैरे काही नाही. आदल्या रात्री आमटी अळणी झाली होती, त्याबद्दल ते आज्जीला काहीतरी बोलले होते. काय ते आज्जीनं सांगितलं नाही.

तोवर रुंदीकरणाचं काम मंजूर झालं होतं. आधी पंढरपूरचा तुकडा, मग 2008 साली लातूर ते कुर्डुवाडी मोठी लाईन पूर्ण झाली. नवी लाईन उस्मानाबादवरून नेली, जिथं छोटी गाडी कधी गेलीच नव्हती. नंतर मिरजेकडचाही भाग रुंद झाला. अडीच फुटांचे रूळ उचलले गेले. लोकांना हळहळ वाटली, मलाही वाटली, पण खरं बोलायचं तर आजारी माणसाला लातूरहून पुण्याला न्यायचं असेल तर हळहळ काय कामाची? मोठी लाईन हवीच होती, आणि ती वीस वर्षं आधी यायला हवी होती. आबासुद्धा हेच म्हणायचे. छोटी गाडी गोड वाटते ती ज्यांना रोज तिच्यात बसावं लागत नाही त्यांना, असं त्यांचं मत होतं.

2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराचं पाणी संपलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवायचं ठरलं. 11 एप्रिलला दहा टाक्यांची गाडी निघाली. एका टाकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, मग उस्मानाबाद आणि लातूर. 342 किलोमीटर. म्हणजे एक उस्मानाबादचा वळसा सोडला तर आबांचीच लाईन. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी लातुरात पोचली. पुढं महिनोन्महिने अशा गाड्या धावल्या, पन्नास-पन्नास टाक्यांच्या.

त्या सकाळी आत्याचा फोन आला. टीव्हीवर बातमी चालू होती. म्हणाली, "बघितलंस का? आबा असते तर म्हणाले असते, एवढी वर्षं लातूरकर मला विचारत हुते गाडी कधी येनार. आता पानीच विचारतंय, लातूर कधी येनार."

आबा असं काही म्हणाले असते की नाही, मला माहीत नाही. हा विनोद आत्याचा आहे. आता ती पंचाहत्तरीच्या पुढं आहे, गेल्या दिवाळीत सहा नातवंडांना हाली-कलदारचा हिशेब तिनंच आण्यांसकट समजावून सांगितला. कॉलेजाबद्दल तिनं आबांना अजून माफ केलेलं नाही. त्यांचे विनोद मात्र आमच्या घरात सगळ्यांत चांगले तीच सांगते.